टक्क्यांवरून शाखा ठरत नाही

पंच्याऐंशीच्या वर पडले तर सायन्स, पासष्ट-सत्तर असतील तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्‌स आणि काठावर पास झाला तर आयटीआय. दहावीचा निकाल लागला की दापोडीतल्या कितीतरी घरांत हा हिशेब चहा संपायच्या आत होतो आणि ज्याचा निकाल लागला आहे त्याला विचारायचं राहूनच जातं. हा हिशेब कुठल्याही नियमात लिहिलेला नाही. टक्क्यांवर ठरतं ते कॉलेज. कुणाला फर्ग्युसनला जागा मिळते, कुणाला घराजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात. कोणते विषय घ्यायचे हे मात्र टक्के सांगत नाहीत. पुढे ज्या कामाकडे जायचं आहे, तिथे प्रवेशाच्या वेळी कोणते विषय मागतात, हे आधी विचारायला हवं. हा प्रश्न न विचारल्यामुळे मुलांची दोन-दोन वर्षं जातात, म्हणून इथे रोज ऐकू येणारे काही समज तपासून पाहू.

‘आयटीआय म्हणजे ज्याला काही जमत नाही त्याच्यासाठी’

दापोडीने हे म्हणावं याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. इथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, हॅरिस पुलापलीकडे खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, वरच्या अंगाला पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज, भोसरीच्या एमआयडीसीतले शेकडो लहान-मोठे शॉप आणि पुढे थेट चाकण. हा सगळा पट्टा फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन यांच्या हातांवर उभा राहिला. अनेक घरांत आजोबांनी त्याच हातांनी चाळीतली खोली घेतली, मुलांना शिकवलं. आणि आता त्याच घरात नातवाला ‘आयटीआयला टाकलं’ हे हळू आवाजात सांगतात.

वस्तुस्थिती अशी की आयटीआयला गुणवत्ता यादी लागते आणि चांगल्या सरकारी संस्थेत फिटर किंवा इलेक्ट्रिशियनची जागा काठावरच्या मार्कांना सहज मिळत नाही. आपल्याला जवळ पडतात त्या महानगरपालिकेची मोरवाडीची आयटीआय, कासारवाडीची मुलींची आयटीआय आणि औंधची शासकीय आयटीआय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, टूल अँड डाय मेकर हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. वेल्डर, वायरमन अशा काही मोजक्या ट्रेडना दहावी नापास मुलालाही अर्ज करता येतो. बाकीच्यांना दहावी पास असावंच लागतं. ‘नापास झाला, आता आयटीआय’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. नापास मुलाला मिळणारे ट्रेड वेगळे असतात.

हे शिक्षण डोक्याचं नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी फिटरच्या वर्कशॉपमध्ये एकदा उभं राहावं. सुरुवातीचे आठवडेच्या आठवडे फायलिंग चालतं. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानशीने घासायचा, मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. पुढे व्हर्निअरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचायचा, मायक्रोमीटरवर शंभरावा. ड्रॉइंग हातात घेऊन त्यावरून वस्तू डोळ्यांपुढे उभी करायची. ज्याला हे जमलं तो सीएनसीसमोर उभा राहिला तरी बावरत नाही, कारण मशिन कितीही नवं असलं तरी टॉलरन्स तोच असतो.

आयटीआय केली की शिक्षण तिथेच थांबतं, हा याच समजाचा दुसरा भाग. दहावीनंतर योग्य ट्रेडची दोन वर्षांची आयटीआय झाली, तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला, आणि तिथे सीईटी नाही, डिप्लोमाचे गुण धरतात. आता वर्षं मोजा. अकरावी-बारावीची २ आणि पदवीची ४ अशी ६. दहावीनंतर डिप्लोमाची ३ आणि पदवीची ३, तीही ६. आयटीआयची २, डिप्लोमाची २, पदवीची ३ मिळून ७. सगळ्यात लांबच्या वाटेला फक्त एक वर्ष जास्त लागतं, आणि त्या वाटेवर मुलाच्या हातात १८व्या वर्षी एक प्रमाणपत्र असतं, २०व्या वर्षी दुसरं. घरची परिस्थिती मध्येच बिघडली तर तो रिकाम्या हाताने थांबत नाही.

यात अडचण गणिताची आहे आणि ती आधीच सांगायला हवी. आयटीआयतून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाचं पहिल्या वर्षाचं गणित सुटलेलं असतं. डिप्लोमातून पदवीला गेलेल्याला गणिताचे एम-१, एम-२ हे पेपर न करता एम-३ला सामोरं जावं लागतं. पुष्कळ मुलं इथेच अडखळतात. ज्याला ही वाट धरायची आहे त्याने मधल्या सुट्टीत बारावीचं कॅल्क्युलस करून ठेवावं. तेवढं केलं तर वर्कशॉप पाहिलेला मुलगा पदवीच्या वर्गात मागे पडत नाही.

नोकरीच्या बाजूनेही एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं तर दहावीवर ठरावीक ट्रेडची आयटीआय किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा अथवा पदवी लागते. नुसती बारावी सायन्स त्याला चालत नाही, मग नव्वद टक्के का असेनात. दापोडी स्टेशनवर रोज लोकलची वाट पाहणाऱ्या मुलांना तरी हे माहीत असावं. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या स्थापत्यच्या कनिष्ठ अभियंता पदालाही डिप्लोमा पुरतो.

‘अप्रेंटिस लागला म्हणजे कंपनीत लागला’

पेढे वाटायच्या आधी कागद वाचावा. ॲप्रेंटिसशिप १९६१च्या कायद्याखाली चालते. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, पण मुदत संपल्यावर त्याला नोकरीवर ठेवणं बंधनकारक नाही. उमेदवाराला मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. तरीही ते वर्ष मोलाचं आहे, कारण शेवटी परीक्षा होऊन जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं ते देशभर चालतं आणि चाकणपासून रांजणगावपर्यंत कुठेही अनुभव म्हणून दाखवता येतं. म्हणून रुजू होताना करार रीतसर नोंदवला आहे का, ट्रेडचं काम देणार की नुसतं पॅकिंगला उभं करणार, हे विचारायचंच. ठेकेदाराकडचा ‘ट्रेनी’ आणि कायद्याने नोंदवलेला ॲप्रेंटिस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेटवर दोघांचा युनिफॉर्म सारखाच दिसतो.

मुलींच्या बाबतीत तर ‘शॉपफ्लोअर मुलींचं नाही’ हे आता कुणी म्हणूच नये. राज्यातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जोडणारी अख्खी लाइन महिलांची उभी राहिली आहे. पुढे इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक पदवीला जायचं असेल, तर २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. त्यासाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून घेतलेला असावा लागतो. मुलाचं शिक्षण आधी आणि मुलीचं पैसे उरले तर, हे गणित निदान फीच्या कारणाने तरी मांडू नये.

‘सायन्स घे, नंतर कुठेही वळता येतं’

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. सायन्सनंतर बी.कॉम., बी.ए., पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, सगळीकडे जाता येतं. पण सायन्सच्या आतही विषयांची निवड असते आणि तीच पुढचे रस्ते ठरवते. अकरावीत गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर दोन्ही हातचे गेले. जीवशास्त्र सोडलं की एमबीबीएसचा नेहमीचा रस्ता अडला. फार्मसीला मात्र भौतिक आणि रसायन यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यातलं काहीही चालतं, हे कळल्यावर कित्येक पालक चकित होतात. नर्सिंगमध्ये बी.एस्सी.ला सायन्स आणि जीवशास्त्र लागतं, जीएनएमला आर्ट्‌स-कॉमर्सची मुलगीही जाते. खडकवासल्याच्या एनडीएत भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, नौदल आणि हवाई दलासाठी भौतिक, रसायन आणि गणित हवं.

मग घाबरून ‘पीसीएमबी घेऊन टाक, दोन्ही बाजू सुरक्षित’ असा सल्ला मिळतो. कागदावर ते सुरक्षित दिसतं. प्रत्यक्षात मुलाच्या पुढ्यात नीटचे ७२० गुण असतात, सीईटीचे दोन ग्रुप असतात, कुणी तर जेईईही जोडतं, आणि बारावीची बोर्डाची परीक्षा असतेच. ज्याला दोन्ही विषय मनापासून आवडतात त्याने जरूर घ्यावेत. ज्याला ठरवता येत नाही म्हणून चारही घेतले, तो बहुतेकदा एकाही परीक्षेला पुरा पडत नाही.

‘अकरावी आरामाची’ हाही तसाच समज. राज्याच्या सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, पण नीट आणि जेईईला दोन्ही वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम असतो. अकरावी हसण्यावारी नेलेला मुलगा बारावीच्या जानेवारीत रोटेशनल मोशन उघडून बसतो, तेव्हा त्याची अवस्था पाहवत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असे बायफोकल विषय घेण्याकडेही कल आहे. हा २०० गुणांचा विषय दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या जागी येतो. तो घेताना नेमका कोणता विषय सुटतो आहे ते पाहावं. बायफोकलसाठी बायोलॉजी गेली आणि बारावीत मुलीला नर्सिंग आठवलं, असं व्हायला नको.

कॉमर्सचा एक चौकोन

कॉमर्सच्या प्रवेश अर्जात एक जागा असते जिच्याकडे घाईत कुणी पाहत नाही: मॅथ्स की एसपी, म्हणजे गणित की चिटणीसाची कार्यपद्धती. दहावीच्या गणिताने पोळलेली मुलं डोळे मिटून एसपी लिहितात. सीएला कुठल्याही शाखेची बारावी चालते, हे खरं; पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांतला एक व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. ज्याच्या मनात सीए, बँकिंग किंवा संख्याशास्त्र आहे त्याने कॉमर्सचं गणित घ्यावं. ते सायन्सच्या गणिताहून वेगळं आणि रोजच्या व्यवहाराच्या जवळचं आहे. ज्याला कंपनी सेक्रेटरी किंवा ऑफिसच्या कामात रस आहे त्याला एसपी उपयोगी पडतं. दोन्ही ठीक, पण निवड भीतीने होऊ नये.

आर्ट्‌सबद्दल फार लिहायची गरज नाही. एमपीएससी आणि यूपीएससीच्या नागरी सेवांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. ज्या मुलाला इतिहास, भाषा, मानसशास्त्र यांची ओढ आहे त्याला ८८ टक्के पडले म्हणून जबरदस्तीने सायन्सला बसवणं हे त्याच्या गुणांचं चीज नव्हे. शिक्षण मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. पुष्कळ घरांत तो कागद निकालाच्या फाइलमध्ये तसाच पडून राहिला.

जून-जुलैतली धावपळ

नापास झालेल्याचं वर्ष गेलंच असं नाही. पुरवणी परीक्षा लगेच असते आणि एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. ज्याला घरासाठी कामावर जावंच लागणार, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जातली पहिली पसंती फार जपून लिहावी. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. मित्राने लिहिलं म्हणून पुण्याचं लांबचं कॉलेज पहिलं टाकायचं आणि लागल्यावर ‘रोज जाणं जमणार नाही’ म्हणून सोडून द्यायचं, असं करून अनेकांनी घराजवळची चांगली जागा गमावली आहे. मेट्रो आता दापोडीहून थेट शिवाजीनगरपर्यंत नेते, पण दोन वर्षांच्या पासचा आणि रोजच्या वेळेचा हिशेब अर्ज भरायच्या आधीच करायला हवा.

आणि कागदपत्रं. राखीव प्रवर्गातून बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावी-बारावीत असतानाच करता येतो. निकालानंतर धावणाऱ्यांच्या रांगेत वेळ निघून जातो आणि मिळालेली जागा हातची जाते. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे दहावीला काढलेलं बारावीला चालेल की नाही हे त्यावरची तारीख पाहून ठरवावं. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात, आणि त्यासाठी मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं. सायबर कॅफेत अर्ज भरून घेतला तर लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्यावा, मोबाइल नंबर घरातलाच द्यावा. प्रत्येक फेरीचा निरोप त्याच नंबरवर येतो.