चेंडू तुमची फिरकी घेतो तेव्हा

टेबल टेनिस खेळताना हा अनुभव तुम्हांला नक्की आला असेल. समोरून चेंडू सावकाश येतो. तुम्ही बॅट सरळ धरून तो अलगद परतवता आणि तो जाळीत जाऊन पडतो. पुढचा चेंडू अगदी तसाच दिसतो. तुम्ही तशीच बॅट लावता, पण या खेपेस तो टेबल ओलांडून पार पलीकडे जातो! असे चार-पाच गुण गेले, की ‘आपल्याला हा खेळ जमणार नाही’ असे वाटू लागते. शाळेत चांगले खेळणारी कित्येक मुले जिल्ह्याच्या स्पर्धेत याच ठिकाणी अडतात. वास्तविक हा चेंडू घर्षणाचा एक साधा नियम पाळत असतो. तो नियम आज समजून घेऊ.

मुंबईतील एक नवल

फिरकीपुढे मोठमोठे खेळाडूही चकले आहेत. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली होती. त्या काळी बहुतेक खेळाडू लाकडी फळीवर दाणेदार रबर लावलेली बॅट वापरीत. जपानचा हिरोजी सातो मात्र जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तिच्यावर चेंडू आदळला की नेहमीचा ‘टक्’ असा आवाज येत नसे, आणि चेंडूचा वेग व फिरकी यांचा अंदाज भल्याभल्यांना लागेना. सातो पुरुष एकेरीचा विश्वविजेता झाला! पुढे १९५९ साली बॅटवरील आवरणांविषयी नियम झाले. आजही रबर आणि स्पंज मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही.

फिरकी येते कोठून?

बॅट चेंडूवर सरळ आपटली, तर चेंडू नुसता पुढे जातो. बॅट चेंडूला घासून गेली, तर घर्षणामुळे तो स्वतःभोवती फिरू लागतो. बॅट खालून वर घासली, की चेंडूचा वरचा भाग पुढे फिरतो. हा टॉपस्पिन. बॅट वरून खाली घासली, की वरचा भाग मागे फिरतो. हा बॅकस्पिन. बॅट आडवी घासली, तर साइडस्पिन.

चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन अवघे २.७ ग्रॅम. कसलेले खेळाडू त्याला सेकंदाला १०० पेक्षाही अधिक फेरे देऊ शकतात. चेंडूचा परीघ सुमारे १२.६ सेंटिमीटर. म्हणजे १०० फेऱ्यांना त्याचा पृष्ठभाग सेकंदाला १२.६ मीटर, अर्थात ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने सरकत असतो. चेंडू सावकाश येताना दिसला, तरी त्याच्या अंगात केवढी गती दडलेली असते पाहा!

हवेत आणि टेबलावर

टॉपस्पिनचा चेंडू आपल्या मागची हवा वरच्या बाजूस वळवतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा त्याला खाली ढकलते, म्हणून तो लवकर खाली वाकतो. बॅकस्पिनमध्ये उलट घडते आणि चेंडू तरंगत आल्यासारखा वाटतो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. टेबलावर टप्पा पडताच जोरदार टॉपस्पिनचा चेंडू पुढे झेपावतो, तर बॅकस्पिनचा चेंडू रेंगाळतो.

बॅटवर काय घडते?

आता मुख्य मुद्दा. तुमच्याकडे येणाऱ्या सायकलचे पुढचे चाक डोळ्यांसमोर आणा. त्याची तुमच्याकडची कड वरून खाली जाताना दिसते. टॉपस्पिनचा चेंडू असाच फिरत येतो. त्याची तुमच्याकडची बाजू बॅटवर खाली घासते, म्हणून बॅटचे घर्षण चेंडूला वर ढकलते आणि तो उंच उडतो. बॅकस्पिनमध्ये तीच बाजू वर घासते. घर्षण चेंडूला खाली ढकलते आणि चेंडू जाळीत जातो.

आता थोडे मागे जा. टॉपस्पिन देताना समोरच्याची बॅट वर गेली होती, आणि चेंडू तुमच्या बॅटवरून वर उडाला. बॅकस्पिन देताना त्याची बॅट खाली गेली होती, आणि चेंडूही खाली गेला. म्हणजे नियम असा:

समोरच्याची बॅट ज्या दिशेला घासली, त्याच दिशेला चेंडू तुमच्या बॅटवरून पळू पाहतो.

उपाय सरळ आहे. त्याची बॅट जिकडून आली, तिकडे आपला नेम धरा. बॅट वर गेली, तर आपली बॅट पुढे झुकवा. खाली गेली, तर आपली बॅट थोडी आकाशाकडे उघडा. त्याने बॅट खिडकीच्या दिशेने ओढली, तर नेम दाराच्या बाजूस धरा.

चलाख खेळाडू बॅट आधी खाली, मग वर अशी फिरवून तुम्हांला गोंधळात टाकतो. तेव्हा फक्त चेंडूला स्पर्श होतो तो क्षण पाहा. आधीच्या आणि नंतरच्या हालचालींना अर्थ नाही. हा क्षण पाहणे हा तुमचा हक्कच आहे. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावरून किमान १६ सेंटिमीटर वर उडवावा आणि तो समोरच्यापासून लपवू नये, असा नियमच आहे.

करून पाहा

१. चेंडू टेबलावर ठेवा. त्याच्या मागच्या कडेवर बोट दाबून तो पुढे निसटू द्या. चेंडू पुढे जाईल, थांबेल आणि परत येईल! हा बॅकस्पिन.

२. रबरी चेंडू बॅकस्पिन देऊन भिंतीवर फेका, मग टॉपस्पिन देऊन. भिंतीवरून तो कोठे वळतो ते नोंदवा.

३. जोडीदाराला २० सर्व्हिस करू द्या. चेंडू तुमच्या बाजूस पडण्यापूर्वी त्याची बॅट कोठे गेली ते मोठ्याने सांगा: ‘वर’, ‘खाली’, ‘खिडकी’, ‘दार’. मगच चेंडू परतवा.

टेबल नसेल, तर वर्गातील बाके जोडून त्यांवर विटा आणि पट्टीची जाळी करा. मात्र दारे-खिडक्या लावून घ्या. नगर-पुणे रस्त्यावरच्या आमच्या सुप्याजवळ टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात. तिथल्या माळावर २.७ ग्रॅमच्या चेंडूचे काय होईल, ते सांगायला नको!

शेवटी एक कोडे. समजा तुमची बॅट इतकी गुळगुळीत आहे, की घर्षण जवळजवळ नाहीच. टॉपस्पिनचा चेंडू तिच्यावर आदळून परत गेला, पण त्याचे स्वतःभोवती फिरणे बदलले नाही. समोरच्या खेळाडूला तो टॉपस्पिन वाटेल की बॅकस्पिन? चेंडूवर शाईची एक रेघ ओढा, तो हातात फिरवून पाहा आणि उत्तर शोधा.