सागाचं पान आणि पाच सेंटिमीटरची लहर

राष्ट्रीय महामार्ग 53 साकोलीहून देवरीकडे निघतो, तेव्हा उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव. पुढे धानाचा ट्रक असला की नजर त्याच्या हौद्यापाशीच अडते. त्याच्याही पुढे कुणी करकचून ब्रेक मारला, तर ते आपल्याला कळतं ट्रकचे लाल दिवे पेटल्यावर. ही बातमी गाड्यांनीच एकमेकींना परस्पर द्यायची, मध्ये टॉवर नाही की इंटरनेट नाही, अशी सोय आता जगात आहे. प्रत्येक गाडी सेकंदाला दहा वेळा आपलं ठिकाण, वेग, दिशा हवेत पुकारते. ताशी 80 किलोमीटरने धावणारी गाडी दोन हाकांमध्ये जेमतेम सव्वादोन मीटर सरकते!

आता गंमत पाहा. या हाकेसाठी साधारण 5.9 गिगाहर्ट्झची लहर वापरतात. अमेरिकेने हा पट्टा 1999 सालीच गाड्यांसाठी राखून ठेवला. लहरीची लांबी भरते फक्त पाच सेंटिमीटर. आणि सागाचं मोठं पान? सहज दीड वीत, वर पाण्याने भरलेलं. अशी हजारो पानं वळणावर दाटली की लहर थोडी शोषली जाते, थोडी विखुरते. उन्हाळ्यात मात्र साग निष्पर्ण. म्हणजे वळण तेच, रेडिओ तोच, पण श्रावणात विरणारी हाक एप्रिलमध्ये आणखी लांब जाऊ शकते. रानाचा ऋतू रेडिओलाही चुकत नाही!

ट्रकचा अडसर बारमाही. लोखंडी हौदा आड आला की सिग्नल दहाव्या हिश्श्यावर, कधी त्याहूनही खाली येतो. म्हणून अँटेना टपावर चढवतात, शिवाय एकाऐवजी दोन लावतात. रस्त्यावरून उसळलेली लहर थेट आलेल्या लहरीला एका जागी मारते, पण हातभर पलीकडे तीच शाबूत सापडू शकते. नुसता जोर वाढवणं फसवं. नाक्यावर सगळ्याच गाड्या ओरडल्या तर कुणाचंच ऐकू येत नाही. गर्दी झाली की या गाड्या आपणहून आवाज उतरवतात, बोलतातही कमी वेळा. आपल्या ग्रामसभेला हे अजून जमलेलं नाही.

मला सर्वांत आवडतो तो वेगळाच डाव: आड येणाऱ्या ट्रकलाच निरोप्या करायचं. त्याच्या उंच टपावरून पुढचंही ‘दिसतं’, मागचंही. पुढची हाक झेलायची, मागे सोडायची. पण त्यासाठी ट्रकवर रेडिओ हवा. ताडपत्री आवळलेल्या जुन्या ट्रकांवर आणि धानाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर तो बसेपर्यंत नव्या कोऱ्या गाडीला या रस्त्यावर बोलायला फारसं कुणी भेटणार नाही.