स्टार्ट मेनू बदलताना आपण नेमकं काय बदलतो?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बरीच मंडळी विंडोज ११ वर आली. तेव्हापासून एकच प्रश्न येतो, "हा नवा स्टार्ट मेनू काही जमत नाही, दुसरा कुठला टाकू?" नाव मी सांगेनच. पण त्याआधी, तो मेनू कॉम्प्युटरमध्ये बसतो कुठे ते बघू.

थोडा इतिहास. स्टार्ट बटण आलं १९९५ मध्ये, विंडोज ९५ बरोबर. पुढची १७ वर्षं ते डाव्या कोपऱ्यात होतं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते काढूनच टाकलं आणि त्याजागी पडदाभर टाइल्स दिल्या. लोक वैतागले, कारण हाताला सवय झालेली असते हो! वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की पुन्हा त्याच टाइल्स. खरा मेनू परतला २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर. या मधल्या काळात पर्यायी मेनूंचं पीक आलं.

आता मुख्य मुद्दा. खालची टास्कबार आणि डेस्कटॉप दाखवतो एक्सप्लोरर नावाचा प्रोग्रॅम, तोच जो तुमचे फोल्डर उघडतो. तुम्ही बटण दाबल्यावर मूळ मेनूऐवजी दुसरा उघडायचा, तर ते क्लिक मधल्या मध्ये पकडावं लागतं. त्यासाठी पर्यायी मेनूला एक्सप्लोररच्या आत शिरावं लागतं. म्हणजे हे वॉलपेपर बदलण्यासारखं नाही. आत शिरलेला पाहुणा अडखळला, तर यजमानही पडतो. टास्कबार गायब, डेस्कटॉप रिकामा. शिवाय विंडोजच्या मोठ्या अपडेटमध्ये एक्सप्लोररच्या आतली रचना बदलते, आणि मेनू बनवणाऱ्याला दर वेळी मागे धावावं लागतं.

म्हणून दिसतो कसा यापेक्षा, किती खोल शिरतो आणि त्याच्यामागे आज कोणी काम करतंय का, हे मी आधी विचारतो. ओपन-शेल मुख्यतः स्वतःचा मेनू आणतो. स्टार्टऑलबॅक आणि एक्सप्लोररपॅचर टास्कबारलाही हात घालतात. दिसायला छान, पण २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीची चाचणी चालू असताना, हे दोन प्रोग्रॅम सापडले की अपडेट अडायचं. आधी ते काढा, मग पुढे चला. घरच्या मशीनवर ही कटकट एकवेळ चालेल. दुकानातल्या बिलिंगच्या मशीनवर मात्र मी नाही म्हणेन.

मागे कोणी आहे का, याचं उदाहरण म्हणजे क्लासिक शेल. इव्हो बेल्टचेव्ह यांनी २००९ मध्ये सुरू केलेला, फुकट आणि अतिशय लोकप्रिय. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवलं. वेळ नाही, आणि विंडोज १० इतक्या वेळा बदलतंय की मागे धावणं शक्य नाही, असं कारण दिलं. जाताना सोर्स कोड मात्र सगळ्यांना खुला केला. त्यातूनच स्वयंसेवकांनी ओपन-शेल पुढे नेला. तेव्हा जुना क्लासिक शेल कुठे दिसला तरी आता टाकू नका.

याच क्लासिक शेलची आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०१६ मध्ये तो जिथून डाउनलोड व्हायचा, त्या फॉसहब साइटवर हल्लेखोर शिरले आणि मूळ फाइलच्या जागी खोटी फाइल ठेवली. ज्यांनी ती चालवली, त्यांच्या डिस्कचा मास्टर बूट रेकॉर्डच पुसला गेला. मशीन पुन्हा सुरू केलं की विंडोज येईचना. आणि साइट तर अधिकृत! फरक एकच दिसत होता. खऱ्या फाइलवर लेखकाची डिजिटल सही होती. खोटीवर परवानगीच्या चौकटीत प्रकाशक अज्ञात असं यायचं. आपण ती चौकट न वाचता ‘येस’ दाबतो ना, तिथेच सगळं ठरतं.

मग टाकायचं काय? आधी काहीच टाकू नका. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग टास्कबार, आणि तिथे अलाइनमेंट डावीकडे करा. विंडोजची कळ दाबून प्रोग्रॅमच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करायची सवय लावून बघा. निम्म्या लोकांचं काम इथेच भागेल असं मला वाटतं. नाहीच भागलं, तर ओपन-शेल, त्याच्या गिटहब पानावरून. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी त्यातली विंडोज ७ सारखी मांडणी निवडा. पैसे देऊन हवा असेल तर स्टारडॉकचा स्टार्ट११ आहे. आधी चाचणी आवृत्ती वापरून बघता येते. ऑफिसचं मशीन असेल तर सिस्टिमवाल्यांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

ओपन-शेल मनासारखा लावून झाला की त्याच्या सेटिंग्जमधल्या बॅकअपमधून एक फाइल जतन करा. मोठं अपडेट येण्याआधी प्रोग्रॅम काढायचा, अपडेट होऊ द्यायचं, मग नवी आवृत्ती टाकून तीच फाइल पुन्हा उघडायची. सगळं होतं तसं परत येतं. आणि मधे कधी मूळ मेनू लागलाच, तर शिफ्ट दाबून स्टार्टवर क्लिक करा. तो तिथेच असतो.