पालांचे राज्य कोणी बुडवले?

एका वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी इतिहासावर बोलण्याचे काम आमच्याकडे होते. विषय निघाला बंगाल-बिहारच्या पाल राजांचा. नालंदा, विक्रमशिला, सोमपूर, अतिश दीपंकर अशी नावे घेत आम्ही तासभर बोललो, टाळ्याही मिळाल्या. मग मागच्या सतरंजीवरचा, आयटीआय करणारा एक मुलगा उठला. म्हणाला, "वकीलसाहेब, राजा बौद्ध, विद्यापीठे बौद्ध, चारशे वर्षे राज्य बौद्धांचे. मग ते राज्य गेले कसे? आणि तिथली माणसे बौद्ध का राहिली नाहीत?"

आम्ही ठरलेले उत्तर दिले. बख्तियार खिलजी आला, विहारे उद्ध्वस्त केली, भिक्खू मारले, संपले. सभा संपली, खीर वाटली गेली. पण घरी जाताना आमचे उत्तर आम्हालाच खटकत होते. कोर्टात वर्षे काढलेल्या माणसाला तारखा जुळवायची सवय लागते आणि इथे तारखा जुळत नव्हत्या. बख्तियारची स्वारी झाली ती इसवी सन 1200 च्या आसपास. तो नदियावर चालून गेला तेव्हा बंगालच्या गादीवर लक्ष्मणसेन होता, सेन घराण्यातला. पालांच्या हातून बंगाल त्याआधी सुमारे अर्धशतक निघून गेला होता. मयत माणसाच्या खुनाचा खटला उभा राहत नाही.

येथे गैरसमज नको. बाबासाहेबांनी 'क्रांती आणि प्रतिक्रांती'च्या हस्तलिखितात बौद्ध धम्माच्या ऱ्हासाला मुसलमानी आक्रमण कारण झाले असे स्पष्ट मांडले आहे. ते लेखन महाराष्ट्र शासनाने 1987 साली तिसऱ्या खंडात छापले. त्याच घावातून ब्राह्मणी धर्म कसा वाचला, याचीही चिकित्सा त्यांनी तिथे केली आहे: त्याला राजसत्तेचा आधार होता आणि पुरोहित जन्मानेच तयार मिळत होता, भिक्खूला मात्र उपसंपदा लागते, संघ कापला गेला की ती देणारा उरत नाही. तो मुद्दा संघाचा आहे. आमचा प्रश्न राज्याचा आहे. धम्माला आधार देणारी राजसत्ता बख्तियार येण्याआधीच का नाहीशी झाली?

पाल घराण्याची सुरुवात इसवी सन 750 च्या सुमारास, गोपाळापासून. खालिमपूरच्या ताम्रपटात म्हटले आहे की मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी अंदाधुंदी माजली होती, ती संपवण्यासाठी 'प्रकृतीं'नी गोपाळाला राजा केले. आमचे काही वक्ते याला लोकशाही निवडणूक म्हणतात. आम्हीही कधीकाळी म्हटले आहे. पण या 'प्रकृती' म्हणजे बहुधा मोठे सरदार होते, मतदार नव्हेत. गोपाळाचा मुलगा धर्मपाल याने विक्रमशिला आणि सोमपूरची महाविहारे उभारली. कनौजसाठी प्रतिहार आणि आपल्याकडचे राष्ट्रकूट यांच्याशी पालांची पिढ्यान्‌पिढ्या झुंज चालली. देवपालाच्या काळात सुवर्णद्वीपाच्या राजाने नालंदेत विहार बांधला आणि देवपालाने त्याला पाच गावे लावून दिली. हे वैभव खरे आहे, अभिमान वाटावा असेच आहे.

पण वकिलाचा धंदा कागद वाचण्याचा, म्हणून आम्ही नंतर पालांचे ताम्रपट वाचायला घेतले. ताम्रपट म्हणजे त्या काळचे बक्षीसपत्र. त्यावर मुद्रा कोणती? सारनाथचे धम्मचक्र, दोन्ही बाजूंना हरणे. राजाची पदवी कोणती? परमसौगत, म्हणजे बुद्धाचा परम उपासक. आणि मजकूर काय? धर्मपालाच्या खालिमपूरच्या ताम्रपटात चार गावे नारायणाच्या देवळाला, एका महासामंताच्या विनंतीवरून. नारायणपालाच्या भागलपूरच्या ताम्रपटात गाव शिवाच्या देवळाला आणि पाशुपत आचार्यांना. पहिल्या महीपालाच्या बाणगडच्या ताम्रपटात गाव ब्राह्मणाला, तेही भगवान बुद्धाच्या नावाने! दस्तावर सही-शिक्का आमचा आणि मालमत्ता गेली दुसऱ्याच्या घरात, असे खटले आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण तिथे निदान फसवणूक झालेली असते. इथे राजाने राजीखुशीने लिहून दिले आहे.

बरे, दिले काय? नुसती जमीन नाही. गावाचा महसूल दिला. चोर पकडण्याचा अधिकार दिला. दहा अपराधांचा दंड वसूल करण्याचा अधिकार दिला. राजाच्या शिपायांनी त्या गावात पाऊल ठेवायचे नाही, असे लिहून दिले. आणि कुळांना हुकूम सोडला की यापुढे सारा या नव्या धन्याकडे भरा आणि त्याच्या आज्ञेत राहा. म्हणजे एका गावापुरते सरकारच दिले. इनाम म्हणजे काय हे आम्हाला सांगायला नको. वतनाच्या नावाखाली आमच्या आज्या-पणज्यांना गावाने कसे राबवून घेतले आणि 1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांना वतनाविरुद्ध विधेयक का आणावे लागले, हे या पानाच्या वाचकाला ठाऊक आहे.

विहारांनाही अशीच गावे होती. नालंदेकडे दोनशेहून अधिक गावे असल्याचे चिनी भिक्खू इत्सिंगने सातव्या शतकात नोंदवले. म्हणजे सारा भरणाऱ्या कुळाच्या दारात विहारही धनी म्हणूनच उभा होता. त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे कुठेतरी आहे असे आम्हाला वाटते. ज्याला आपण धान्य मोजून देतो, त्याच्याकडून धम्म घेण्याची इच्छा किती जणांना होईल?

आणखी एक गोष्ट या ताम्रपटांत आहे. देवपालापासून पुढच्या ताम्रपटांत दान जाहीर करताना राजा कोणाकोणाला उद्देशून बोलतो, त्याची भली मोठी यादी येते. राजपुत्र, अमात्य, सेनापती असे अधिकारी, मग ब्राह्मणांपासून सुरू होणारे गावकरी, आणि शेवट मेद, आंध्र आणि चांडाळ यांच्यावर. बुद्धाला शरण गेलेल्या राजाच्या कचेरीत माणसांची उतरंड जशीच्या तशी! देवपालाच्या मुंगेरच्या ताम्रपटात धर्मपालाचे कौतुक आहे ते वर्णांना आपापल्या धर्मावर ठेवले म्हणून. तिसऱ्या विग्रहपालाला आमगाछीच्या ताम्रपटात चातुर्वर्ण्याचा आश्रय म्हटले आहे. तथागताने जे नाकारले त्याचाच आश्रय! या विग्रहपालाचे नाव लक्षात ठेवावे. ज्याच्या काळात राज्य फुटले तो दुसरा महीपाल याचाच मुलगा.

दरबारात काय चालले होते ते बादलच्या स्तंभावर कोरलेले आहे. हा स्तंभ नारायणपालाचा मंत्री गुरवमिश्र याने उभारला, माथ्यावर गरुड. त्यात तो आपल्या घराण्याची कीर्ती गातो. मंत्रिपद बापाकडून मुलाकडे. देवपालासारखा सम्राट आपल्या पूर्वजाच्या, दर्भपाणीच्या, दारात त्याला सवड होईपर्यंत उभा राहायचा, आणि शूरपाल राजा केदारमिश्राच्या यज्ञाला जाऊन मान लववून पवित्र जल घ्यायचा, असे तो सांगतो. फुशारकी म्हणून सोडून देता येईल. पण राज्यातच खांब उभारून अशी फुशारकी मारता येते, आणि राजा ती खपवून घेतो, यावरून सत्ता कुठे होती हे कळते.

आता मूळ घटनेकडे येऊ. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरा महीपाल गादीवर आला. त्याने संशयावरून शूरपाल आणि रामपाल या दोन भावांना कैदेत टाकले. सामंत एकत्र होऊन उठले. महीपाल अपुऱ्या फौजेनिशी त्यांच्यावर चालून गेला आणि मारला गेला. त्या धामधुमीत वरेंद्री, म्हणजे पालांची मूळ भूमी, आजचा उत्तर बंगाल, दिव्य नावाच्या माणसाने ताब्यात घेतली. तो राज्यातला मोठा अधिकारी होता आणि जातीने कैवर्त. कैवर्त म्हणजे नावा चालवणारे, मासे धरणारे. मनुस्मृतीने ज्यांना संकरातून जन्मलेले म्हणून खालच्या रांगेत बसवले ते. दिव्यानंतर रुदोक आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा भीम यांनी वरेंद्रीवर राज्य केले.

ही माहिती आपल्याला मिळते ती संध्याकर नंदीच्या 'रामचरित' काव्यातून. हरप्रसाद शास्त्रींना त्याची पोथी 1897 साली नेपाळात मिळाली. कवीचा बाप रामपालाच्या दरबारी मोठा अधिकारी, म्हणजे साक्षीदार विरुद्ध पक्षाचा. काव्यही असे की प्रत्येक श्लोकाचे दोन अर्थ: एक रामायणातल्या रामाचा, दुसरा रामपालाचा. हरण झालेली सीता म्हणजे वरेंद्री. आणि रावण कोण? कैवर्त भीम! राजा बौद्ध, पण त्याने आपल्या विजयासाठी निवडलेला आरसा रामायणाचा, आणि खालच्या जातीचा राजा त्यात राक्षस. कैवर्तांच्या राज्याला कवी 'धर्मविप्लव' म्हणतो. एवढे असून भीमाचे गुण मात्र त्यालाही झाकता आलेले नाहीत.

हा उठाव शेतकऱ्यांचा की सामंतांचा, यावर इतिहासकारांत वाद आहे. रमेशचंद्र मजुमदार त्याला सामंतांचे बंड मानतात, रामशरण शर्मा त्यात जमिनीवरून उठवलेल्या कैवर्त कुळांचा राग पाहतात. आमच्या मते सुरुवात सामंतांनी केली असेल, पण तीन राज्यकर्ते टिकले ते केवळ एका अधिकाऱ्याच्या महत्त्वाकांक्षेवर नव्हे. खालून आधार असल्याखेरीज हे होत नाही.

रामपालाने वरेंद्री परत कशी घेतली? तो सामंतांच्या दारोदार फिरला. जमीन आणि अमाप द्रव्य वाटून त्यांना गोळा केले. त्याचा मामा, अंगदेशचा राष्ट्रकूट मथन, फौज घेऊन आला. मगध, दंडभुक्ती, कोटाटवी अशा डझनभराहून अधिक ठिकाणचे सामंत आले. नावांचा पूल करून गंगा ओलांडली. भीम हत्तीवरून लढताना जिवंत सापडला. त्याचा मित्र हरी याने विखुरलेली फौज पुन्हा उभी केली, तेव्हा त्याला द्रव्याने फोडले. मग भीमाच्या डोळ्यांदेखत त्याच्या घरच्यांना मारले आणि शेवटी त्यालाही बाणांनी मारले. घटना समितीत 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी दाहिर राजाच्या लाचखाऊ सेनापतींची आठवण दिली होती. हरीचे नाव त्या यादीत नाही, पण जात तीच.

रामपालाने विजय मिळवला, रामावती नगर वसवले, आणि कर हलके केले असेही काव्यात आहे. पण विजयाची किंमत सामंतांना चुकती केलेली होती, ती परत कोण आणणार? त्याचा मुलगा कुमारपाल याने आपला मंत्री वैद्यदेव याला कामरूपातले बंड मोडायला पाठवले. वैद्यदेवाने बंड मोडले आणि तिथे स्वतःच राजा झाला. आणि कर्नाटकातून आलेले, स्वतःला ब्रह्मक्षत्रिय म्हणवणारे सेन, जे याच सामंतांच्या थरातून वर आले, त्यांच्यातल्या विजयसेनाने बाराव्या शतकाच्या मध्यावर गौडच्या राजाला हुसकावले. त्याच्या देवपाडा प्रशस्तीत मोठ्या कौतुकाने सांगितले आहे की त्याच्या कृपेने ब्राह्मणांच्या बायकांकडे इतके धन आले की मोती आणि सोने ओळखायला त्यांना नगरातल्या बायकांकडून शिकावे लागले.

आणि त्या वेळी शेवटच्या पालांपैकी मदनपाल काय करत होता? त्याचा मनहलीचा ताम्रपट उपलब्ध आहे. राणी चित्रमतिकेला महाभारत वाचून दाखवले, त्याची दक्षिणा म्हणून वटेश्वरस्वामी नावाच्या ब्राह्मणाला त्याने एक गाव दिले. राज्य हातातून चालले आहे, आणि उरलेल्यातून पुन्हा एक गाव, त्याच अधिकारांसह. मुद्रेवर धम्मचक्र आहेच.

नालंदेचे पुढे काय झाले ते तिबेटी भिक्खू धर्मस्वामीने लिहून ठेवले आहे. तो 1234 च्या सुमारास तिथे पोहोचला तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. विहाराच्या मागे उभी राहणारी राजसत्ता नव्हती, आणि विहारासाठी धावून यावे इतके गावही जवळचे राहिलेले नव्हते.

पुढच्या रविवारी हे सगळे आम्ही विहारात सांगितले. काही ज्येष्ठ उपासकांना आवडले नाही. एक जण म्हणाले, "आपल्या राजांची बदनामी आपणच करायची का?" प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही म्हणालो, बाबा, सोमपूरचा विहार आमचाच आहे, पण भीमाच्या मरणाच्या दिवशी आम्ही त्या रणात असतो तर आमची जागा रामपालाच्या हत्तीमागे असती, की बाजूला नावा घेऊन उभ्या असलेल्या माणसांत? बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग तोच आयटीआयचा मुलगा म्हणाला, "साहेब, भीमाची जयंती कधी असते?" आम्ही सांगितले, जन्माची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. मात्र बांगलादेशाच्या नौगाव जिल्ह्यात, जिथे सोमपूरचे अवशेष आहेत आणि गुरवमिश्राचा तो स्तंभही आहे, तिथेच दिवर दिघी नावाचा एक तलाव आहे. तलावाच्या मधोमध पाण्यात एक दगडी खांब उभा आहे. त्यावर प्रशस्ती नाही. आसपासचे लोक तो दिव्याचा खांब म्हणून दाखवतात.