मोटारीची गंमत आणि जंगलाचा कान

महिंद्र कंपनीने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नईत दोन नव्या विद्युत मोटारी सादर केल्या, तेव्हा बॅटरी आणि पल्ला यांच्याइतकीच चर्चा झाली ती आवाजांची आणि दिव्यांची. या मोटारींचे ध्वनिसंकेत संगीतकार ए. आर. रहमान यांनी घडविले आहेत, आणि गाण्याच्या तालावर दिवे नाचविण्याची सोयही त्यांत आहे. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या या मोटारींपैकी ‘बीई ६’ची ‘बॅटमॅन’ आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदणीसाठी खुली झाली आणि तिच्या ९९९ गाड्या अवघ्या सव्वादोन मिनिटांत संपल्या. ग्राहकाला मोटारीत गंमत हवी आहे, याचा याहून वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

प्रश्न गंमत असावी की नसावी असा नाहीच. ती कोणाच्या वाट्याला येते, हा आहे. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात एखाद्या मोटारीने दिवे नाचविले तर बघे टाळ्या वाजवितील. तीच मोटार शनिवार-रविवारच्या सुट्टीत ताडोबाकडे निघते, चंद्रपूरहून मूलकडे जाताना लोहारा आणि चिचपल्लीचे जंगल ओलांडते किंवा आलापल्लीमार्गे सिरोंच्याकडे वळते, तेव्हा तिच्या भोवती टाळ्या वाजविणारे कोणी नसते. तेथे असतात सांबर, चितळ, संध्याकाळी परतणारी गुरे, आणि पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचायला निघालेली माणसे.

सॉफ्टवेअरमध्ये गंमत दडविण्याची प्रथा मोटारींच्या फार आधीची आहे. अटारी कंपनीच्या ‘अॅडव्हेंचर’ या खेळात वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने आपले नाव एका गुप्त दालनात लपविले होते. खेळांवर निर्मात्याचे नाव द्यायचे नाही, असे तेव्हा कंपनीचे धोरण होते. अशा लपविलेल्या गमतींना ‘ईस्टर एग’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सेल ९७’मध्ये तर चक्क विमान उडविण्याचा छोटा खेळ दडलेला होता. हिशेबाच्या तक्त्यांमागे विमान उडते आहे, याची अनेक हिशेबनिसांना कल्पनाही नसावी! पुढे मायक्रोसॉफ्टनेच ही प्रथा बंद केली. ज्या प्रणालीवर सरकारे आणि बँका विसंबतात, तिच्यात कुठेही नोंद नसलेला कोड असू नये, हा त्यामागचा विचार होता. विनोदाला कोणाचा विरोध नव्हता; आत आणखी काय दडले असेल, या शंकेला होता.

टेस्ला कंपनीने ही जुनी प्रथा मोटारीत आणली आणि लपविण्याऐवजी तिची जाहिरात केली. डिसेंबर २०१८ मध्ये तिच्या मोटारींत ‘उत्सर्जन चाचणी’ नावाची सोय आली. नाव भारदस्त, प्रत्यक्षात बसणाऱ्याच्या आसनातून अधोवायूचा आवाज काढण्याचा तो खेळ होता. हा पोरकटपणा झाला, पण त्याचा त्रास असलाच तर शेजारी बसलेल्याला. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘बूमबॉक्स’ने मात्र ही सीमा ओलांडली. या सोयीमुळे मोटारीच्या बाहेरच्या स्पीकरमधून हवा तो आवाज काढता येऊ लागला. बकरीचे ओरडणे, आइस्क्रीमच्या गाडीची धून, किंवा मालकाने स्वतः भरलेले काहीही.

आता तो बाहेरचा स्पीकर तेथे का होता, हे समजून घ्यायला हवे. विद्युत मोटार कमी वेगात जवळजवळ नि:शब्द चालते. इंजिन नाही, त्यामुळे धडधड नाही; आणि टायरचा आवाज ऐकू येण्याइतका वेग अजून आलेला नसतो. अंध व्यक्तीला, पाठमोऱ्या पादचाऱ्याला, सायकलस्वाराला अशा मोटारीची चाहूलच लागत नाही. म्हणून अमेरिकेतील नियमाप्रमाणे ताशी ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगात विद्युत मोटारीने ठरावीक गुणधर्माचा इशाऱ्याचा आवाज सतत काढणे बंधनकारक आहे. युरोपातही असा नियम आहे. तेथे ही मर्यादा ताशी २० किलोमीटरची आहे. जो स्पीकर जीव वाचविण्यासाठी बसविला होता, त्याच्याच तोंडी कंपनीने बकरी दिली. इशाऱ्याचा आवाज त्याखाली दबू शकतो, असा आक्षेप अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने घेतला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाला ५,७८,६०७ मोटारींसाठी सुधारणा जाहीर करावी लागली. गाडी चालू असताना ‘बूमबॉक्स’ बंद राहील, असा बदल दूरस्थ पद्धतीने सर्व मोटारींत पाठविण्यात आला. कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क यांनी गमतीवर पहारा ठेवणाऱ्या पोलिसांना बोल लावले. पण हा पहारा गमतीवर नव्हताच. ती गंमत ज्या कामाच्या आड आली, त्या कामावर होता.

आपल्याकडे हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. गाडी मागे घेताना चित्रपटगीतांच्या सुरावटी वाजविणारे ट्रक आणि वळणावर सप्तसूर लावणाऱ्या खासगी बसगाड्या कोणी पाहिलेल्या नाहीत? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ अनुसार निरनिराळ्या स्वरांची मालिका काढणारा भोंगा किंवा कर्कश, दचकविणारा आवाज करणारे कोणतेही साधन वाहनावर लावता येत नाही. हा नियम आहे आणि त्याचे पालन किती होते हे रस्त्यावर ऐकू येते. विदर्भाचेच असलेले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये भोंग्याऐवजी बासरी, तबला, व्हायोलिन अशा वाद्यांचे आवाज वापरण्याची कल्पना मांडली. कर्कश भोंग्यापेक्षा बासरी कानाला गोड लागेल, यात शंका नाही. मात्र इशाऱ्याच्या आवाजाचे काम गोड लागणे हे नसून ओळखू येणे हे आहे. भोंगा ऐकताच माणूस विचार न करता बाजूला होतो. बासरी ऐकून तो कदाचित कोण वाजवितो ते पाहण्यासाठी थांबेल.

बैलगाडीच्या काळात ही अडचण सहज सुटलेली होती, असे म्हणता येईल. बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळ ही हौसच होती. पोळ्याला ती नव्याने चढविली जाई. पण तोच आवाज अंधाऱ्या वाटेवर समोरच्याला गाडीची चाहूल देत असे. हौस आणि इशारा एकाच आवाजात नांदत, कारण ती माळ ऐन वेळी बकरीसारखी ओरडत नसे.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात आवाजाला शहराहून निराळे मोल आहे. ताडोबातील मार्गदर्शक वाघ डोळ्यांनी शोधण्याआधी कानांनी शोधतात. चितळाची तीक्ष्ण हाक, वानराचा खोकल्यासारखा इशारा, सांबराचा घणघणीत आवाज, यांना ते ‘कॉल’ म्हणतात. कॉल कोणत्या दिशेने आला आणि किती वेळ चालला, यावरून ते वाघाची वाट ताडतात. पर्यटकांसाठी हा थराराचा भाग असेल, पण गावकऱ्यांसाठी नाही. मोहफुलांचा हंगाम मार्च-एप्रिलचा, त्यापाठोपाठ तेंदूपत्त्याचा. भल्या पहाटे बाया-माणसे जंगलात शिरतात. वाकून पाने तोडणाऱ्या बाईला पाठीमागचे दिसत नाही; तिला सावध करतो तो कानच. सिंदेवाही वनपरिक्षेत्रात १० मे २०२५ रोजी तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. जंगलातला प्रत्येक खोटा आवाज अशी दुर्घटना घडवितो, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जेथे ऐकण्यावर जीव अवलंबून आहे, तेथे मोटारीच्या स्पीकरमधून प्राण्यांचे नकली आवाज काढणे हा निरुपद्रवी विनोद राहत नाही. पक्ष्यांना बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजविणेही जबाबदार निसर्गप्रेमी गैर मानतात. अभयारण्यात वन्यप्राण्यांना छेडण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मनाई करतो, आणि छेडण्याचे साधन काठी आहे की सॉफ्टवेअर, याने फरक पडत नाही.

ताडोबाच्या आत खासगी मोटारींची सफारी नसते. नोंदणीकृत वाहन आणि मार्गदर्शक यांच्यासहच प्रवेश मिळतो. त्यामुळे प्रवेशद्वाराच्या आतले प्रश्न बरेचसे सुटलेले आहेत. शिल्लक राहतात ते बफर क्षेत्रातील गावरस्ते आणि जंगल चिरत जाणारे महामार्ग. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. ऑक्टोबर २०२१ पासून तेथे छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा वावरही सुरू झाला. रात्री अशा रस्त्यावर लुकलुकणाऱ्या, रंग बदलणाऱ्या दिव्यांचे काम काय? प्रकाशाने दिपलेले हरीण रस्त्यातच थिजून उभे राहते, हे या भागातील प्रत्येक चालकाला ठाऊक आहे.

आवाज आणि दिवे बाहेर जातात. पडद्यावरची गंमत आत राहते, म्हणून ती निर्धोक वाटते. तसे नाही. टेस्लाच्या मोटारींत पूर्वी गाडी उभी असतानाच पडद्यावर खेळ खेळता येत. डिसेंबर २०२० पासून ते गाडी चालू असतानाही उघडू लागले. आपण प्रवासी आहोत, असे सांगणारे बटण दाबले की काम झाले. ते चालकाने दाबले की शेजाऱ्याने, हे मोटारीला कसे कळणार? डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने सुमारे ५,८०,००० मोटारींबाबत चौकशी सुरू केली आणि लगोलग कंपनीने चालत्या गाडीतील खेळ बंद करण्याचे मान्य केले. भारतात मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ अनुसार चालकाला गाडी चालविताना चित्रफीत पाहण्यास मनाई आहे. रस्त्याचा नकाशा तेवढा अपवाद.

यामागचे गणित साधे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सतराएक मीटर अंतर कापते. चालकाची नजर पडद्याकडे एका वेळी दोन सेकंदांहून अधिक जाऊ नये, असे अमेरिकेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या मर्यादेतही गाडी तेहतीस मीटर आंधळेपणाने पुढे गेलेली असते. मूलच्या रस्त्यावर एक चितळ पलीकडे गेले की मागोमाग कळप येतो. पहिले पाहिले आणि नजर पडद्याकडे वळली, तर दुसरे दिसत नाही.

मग गंमत नकोच का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. चार्जिंगसाठी गाडी अर्धा-पाऊण तास उभी राहते आणि मागच्या आसनावर कंटाळलेली दोन मुले असतात. त्या वेळी पडद्यावर खेळ असणे ही सोयच आहे. काही सोयी तर विनोदासारख्या वाटल्या आणि उपयोगी ठरल्या. पाळीव कुत्रा गाडीत असताना आतील हवा थंड ठेवणारी आणि ‘मालक लवकरच येत आहे’ असे पडद्यावर सांगणारी टेस्लाची ‘डॉग मोड’ २०१९ मध्ये आली, तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली होती. उभ्या गाडीत, बंद काचांच्या आत, ज्याने मागितली त्याच्यापुरती असलेली गंमत कोणाच्या जिवावर बेतत नाही.

खरी अडचण निराळीच आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. आपल्याकडे नव्या वाहनाचा नमुना विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ‘एआरएआय’ ही त्यांतील एक प्रमुख संस्था. भोंगा, दिवे, ब्रेक सगळे तेथे तपासले जाते. पूर्वी तपासलेली गाडी भंगारात जाईपर्यंत बहुतांशी तशीच राहत असे. आता मात्र ती रात्रीतून बदलते. घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीत सकाळी नवे आवाज, नवे दिवे, नवे खेळ आलेले असतात. तपासणी झाली ती कालच्या मोटारीची. ‘बूमबॉक्स’ही असाच नंतर आलेला पाहुणा होता. सॉफ्टवेअरमधील बदलांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीच्या धर्तीवर भारतातही ‘एआयएस-१९०’ हे मानक तयार झाले आहे. वाहनांच्या आवाजाशी आणि दिव्यांशी संबंधित प्रत्येक बदल त्याच्या कक्षेत काटेकोरपणे तपासला जावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये विद्युत मोटारींना चाहुलीचा आवाज सक्तीचा करण्याचा मसुदा काढला. नव्या मॉडेलांसाठी १ ऑक्टोबर २०२६ आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलांसाठी १ ऑक्टोबर २०२७ या तारखा त्यात सुचविल्या आहेत. हा आवाज ग्राहकाला हवा तसा निवडू द्यावा काय, हा प्रश्न त्यासोबत येईलच. अमेरिकेत २०१९ मध्ये तसा प्रस्ताव पुढे आला होता. त्याला पुरेसा आधार नाही, असे सांगून जुलै २०२२ मध्ये तो सोडून देण्यात आला. आपल्याकडे ही चर्चा होईल तेव्हा तीत मोटार विकणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा आवाज असेल. वनविभागाचे म्हणणेही विचारले जायला हवे.

उपाय अवघड नाही. आधुनिक मोटारीला ती कोठे आहे हे उपग्रहांमुळे कळते, आणि व्याघ्र प्रकल्प व अभयारण्ये यांच्या सीमा अधिसूचित असतात. त्या सीमेत शिरताच चाहुलीच्या आवाजाखेरीज बाहेरचे सर्व आवाज आणि शोभेचे दिवे आपोआप बंद व्हावेत, अशी सूचना सॉफ्टवेअरमध्ये घालता येते. साडेपाच लाखांहून अधिक मोटारींतील ‘बूमबॉक्स’ला आवर घालताना एकही गाडी गॅरेजमध्ये न्यावी लागली नव्हती. भामरागड किंवा एटापल्लीच्या दुर्गम भागात मोबाइलची रेंज जाते खरी, पण उपग्रहाकडून ठिकाण कळण्यासाठी तिची गरज नसते. सीमांचा नकाशा मोटारीत आधीच भरलेला असला, म्हणजे पुरे.