आमचे पावसाचे विमान

मित्रांनो, आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो, भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर करड्या रंगाचे एक विमान ठेवले आहे. असले विमान जगात कोठेही नाही. मी ते कल्पनेने बनविले आहे. पण कल्पनेतले विमानसुद्धा खरे वाटले पाहिजे. त्यासाठी काय काय करावे लागते, ते मी सांगणार आहे.

आधी काम ठरवावे

आपला पाथर्डी तालुका दुष्काळी. म्हणून मी पावसाचे विमान करायचे ठरविले. 2015 साली औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) विमाने उडवून कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला होता. अशा विमानाच्या पंखाला क्षार भरलेल्या नळकांड्या लावतात. त्या ढगाजवळ पेटवल्या की क्षाराचे बारीक कण ढगात जातात. कणांभोवती बाष्प जमते आणि थेंब मोठे होतात. पण त्यासाठी ढग मुळात असावा लागतो. कोऱ्या आभाळातून विमान पाऊस काढू शकत नाही.

माझे विमान पुढच्या काळातले आहे. ते ढगाची वाट बघत दिवसच्या दिवस वर राहते. आपल्या गावात धावपट्टी नाही, म्हणून ते फवारणीच्या ड्रोनसारखे सरळ उभे उतरते. एवढे ठरले, मगच कोणता भाग कोठे बसवायचा ते कळू लागले.

माझी चूक

नवे विमान पहिल्यापासून करण्यापेक्षा जुन्याचे रूप बदलणे सोपे असते. माझ्या धाकट्या भावाने मढीच्या यात्रेतून प्लॅस्टिकचे विमान आणले होते. त्याचे एक चाक मोडले होते. मला वाटले, मोडकेच तर आहे. मी त्याला न विचारताच पंख कापले. तो शाळेतून आला आणि पंख पाहून रडायलाच लागला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आजी म्हणाली, "अरं, तुला ते मोडकं दिसलं, पण त्याच्याजवळ तेवढंच खेळणं व्हतं." मला फार वाईट वाटले. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, मग त्यात माणूस बसव. आणि नाव मी ठेवणार." मी कबूल केले.

माप चुकले की खेळणे होते

पहिल्यांदा मी औषधाच्या बाटलीचे बूच खिडकी म्हणून चिकटवले. मला ते झकास वाटले. गुरुजींनी विचारले, "ही खिडकी केवढी रे?" मी म्हणालो, "अडीच सेंटिमीटर." ते म्हणाले, "आणि खऱ्या विमानात केवढी होईल?"

तेव्हा त्यांनी 1:72 हे प्रमाण शिकविले. 6 फुटांचे 72 इंच होतात. म्हणून या प्रमाणात 6 फुटी माणूस 1 इंचाचा दिसतो. माझे विमान 25 सेंटिमीटर लांब आहे. त्याला 72 ने गुणले की 1800 सेंटिमीटर, म्हणजे 18 मीटर झाले. आणि खिडकी झाली 180 सेंटिमीटरची! म्हणजे पुरुषभर उंच. मी बूच काढले आणि तेथे 2.5 सेंटिमीटर उंचीचे दार आखले. खिडक्या अगदी बारीक केल्या. लगेच विमान मोठे दिसू लागले.

प्रत्येक भागाला काम हवे

सहलीला आम्ही नगरचे रणगाडा संग्रहालय पाहिले. ते 1994 साली सुरू झाले. रणगाड्यावर कड्या, झाकणे, बोल्ट पुष्कळ असतात, पण उगीच लावलेले काही नसते. गुरुजींनी सांगितले, की 1977 सालच्या 'स्टार वॉर्स' या इंग्रजी सिनेमातली याने करताना कारागिरांनी रणगाड्यांच्या आणि विमानांच्या खेळण्यातल्या संचांचे सुटे भाग चिकटवले होते. म्हणून ती याने खरी वाटतात.

आपल्याकडे असे संच कोठून येणार? मी घरातलेच घेतले. पाण्याच्या बाटलीची चार बुचे म्हणजे वर नेणारे चार पंखे. रिफिलचे तुकडे म्हणजे इंधनाच्या नळ्या. अगरबत्तीच्या काडीचे तुकडे म्हणजे पंखाखालच्या क्षाराच्या नळकांड्या. ठिबकची बारीक नळी कापून उतरण्याचे पाय केले. नवे पंख लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे, तीन थर चिकटवून केले.

चिकटवणे आणि रंग

गुळगुळीत प्लॅस्टिकवर फेव्हिकॉल धरत नाही, पापुद्रा निघतो. आधी काचकागदाने घासावे. मग सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावावे, पाच मिनिटे सुकू द्यावे आणि दाबावे. घाई केली तर भाग घसरतो.

रंग देण्याआधी माझे विमान भंगाराच्या ढिगासारखे दिसत होते. लाल बूच, निळी रिफिल, पिवळा कागद. दाराचा उरलेला करडा ऑइलपेंट टर्पेंटाइनने पातळ करून दोन हात दिले. एकच जाड हात दिला तर बारीक रेघा बुजतात. एक रंग झाल्यावर बूच कोणते आणि पत्रिका कोणती ते ओळखू येईना. शेवटी शिसपेन्सिलीची भुकटी नळकांड्यांच्या मागे बोटाने चोळली. तो धुराचा काळेपणा झाला. लहान मुलांनी हे काम उघड्यावर आणि मोठ्यांसमोर करावे. टर्पेंटाइनचा वास डोक्यात जातो. कापतानाही मोठ्यांनी जवळ बसावे.

मातीचा चालक करून पुढच्या काचेमागे बसविला आहे. तो बसलेला आहे म्हणून इंचाहून बुटका दिसतो. विमानाचे नाव भावाने 'आलंच' ठेवले आहे. पावसाची वाट बघताना आजी आभाळाकडे हात करून तसेच म्हणते.

प्रदर्शन संपले की विमान त्याचे त्याला परत जाणार आहे. तेव्हा मित्रांनो, जरूर पाहा. हात लावायचा असेल तर मात्र दुसरीच्या वर्गात जाऊन माझ्या भावाला विचारा.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी