किल्ली वाजली की मोती रडतो!

सकाळचं लेक्चर. तुम्ही बॅग उचलता, किल्ली वाजते आणि कुत्रं धापा टाकायला लागतं. आमच्या शनिवार पेठेतल्या घरी रोज हेच. मी अप्पा बळवंत चौकात पोचायच्या आत खालच्या काकूंचा फोन, "अगं, मोती रडतोय!" परत यावं तर दाराची चौकट कुरतडलेली, हॉलमध्ये शू. मी ओरडायचे. चुकलंच. तो सूड नसतो, एकटेपणाची भीती असते. तासाभराने बसलेला ओरडा कशाबद्दल, हे त्याला कळतच नाही. उलट तुमच्या येण्याचीही धास्ती बसते.

आधी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. घाबरलेलं कुत्रं बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातच गोंधळ घालतं, तेही दारापाशी. मग किल्ली उचला आणि सोफ्यावर बसा. चपला घालून चहा करा. दिवसातून चार-पाचदा. किल्लीचं काही वाटेनासं झालं की दाराबाहेर पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग पाच मिनिटं. तो अस्वस्थ व्हायच्या आत परत या. याला आठवडे लागतात, कधी महिनेही. तोवर आजी, शेजारी, मित्र, कुणीतरी सोबत हवंच. कोंडून तर अजिबात जाऊ नका, सुटायच्या धडपडीत दात-नखं मोडतात. त्रास फारच असेल तर पशुवैद्य सरावाच्या जोडीला औषधही देतात. (गणपतीतल्या ढोलांची भीती हे वेगळं प्रकरण!)

जिन्यात बसून माझ्या दोन विषयांच्या नोट्स वाचून झाल्यात. मोती सध्या बावीस मिनिटांवर आहे.